कानाची पाळी

डॉक्टरीण बाईंनी तुझं नाव सांगितलं, भटकी,
तेव्हा मी हसले होते.
मेंदूच्या बुडाशी जन्मलीस, गळ्यातून उतरलीस,
काळजाच्या दाराशी घुटमळलीस,
मग पोटात जाऊन बसलीस ती बसलीसच.
जाता जाता कानाच्या खळग्यात
एक धागा तेवढा सोडलास,
कुंडीखाली घराची किल्ली ठेवावी तसा.

तिथून तुला जागं करायचं, म्हणाल्या डॉक्टर ब्रिंकमायर.
पोट भरलं की वर जाऊन सांगणं हे तुझं काम
आणि तू सांगत नाहीस.
(किंवा सांगतेस, मीच कानाडोळा करते. हे मी बोलले नाही.)

मी रोस्विथा झोखे, वय एकसष्ट,
वजन एकशे अठरा किलो चारशे ग्रॅम.
हाले गावात, नदीपलीकडच्या बेकरीत सदतीस वर्षं.
राईच्या पिठाचा गोळा नुसता उचलून सांगते,
तीस ग्रॅम जास्त आहे, काढ.
तराजू खोटा ठरतो, मी नाही.
स्वतःपुरतं मात्र हे कधी जमलं नाही.

फेब्रुवारीत सुरू झालं.
डाव्या कानाला चिमटा, साबणाच्या वडीएवढी डबी,
दिवसातून दोनदा अर्धा तास.
मुंग्या.
सेकंदाला पंचवीस, असं कागदावर लिहिलेलं.
शेजारची गुड्रुन विचारायची, कुठलं स्टेशन लावलंयस?
मी म्हणायचे, आतलं. खरखर फार आहे.

आई हाच कान धरायची.
सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात ती सात वर्षांची होती,
बटाट्याच्या साली दोनदा उकळून
पहिलं पाणी धाकट्याला, दुसरं तिला.
त्या हिवाळ्याबद्दल ती एवढंच बोलली.
बाकी सगळं माझ्या कानातून बोलली:
ताट पूस.
मी ताट पुसत आले, भटके,
तिचं, माझं, मुलांचं, नवऱ्याचं,
तो गेल्यावर एकटीचं दोन वेळा.
जे कान उपटून आत घातलं
ते चिमट्यानं बाहेर येईल?
डॉक्टरांच्या फॉर्मवर हा प्रश्न नव्हता.
तिथं होतं: भूक, शून्य ते दहा.
मी कधी पाच लिहिलं, कधी सहा.
दहा म्हणजे काय ते आईला विचारावं लागलं असतं.

मार्चमध्ये एक किलो. मे अखेर तीन.
ऑगस्टमध्ये चार किलो शंभर.
दवाखान्यात शेजारच्या खुर्चीत बसणारे पोलेन्त्स,
ट्रामचे निवृत्त ड्रायव्हर, ते किलोभर वाढले,
आणि माझ्याकडे असं बघायचे
की मी त्यांच्याच ताटातलं उचललंय.

मग पाकिटं फोडली.
दोन गट असणार हे ठाऊक होतं, सही केली होती.
पोलेन्त्सांचा चिमटा खळग्यात होता.
माझा पाळीला.
पाळीत तू नाहीसच, म्हणाल्या ब्रिंकमायर,
तिथं फक्त चरबी आणि डूल.
त्या ओशाळल्या होत्या, मीच त्यांना पाणी दिलं.

म्हणजे सहा महिने
मी चुकीच्या दारावर टकटक करत होते
आणि तू घरात, गाढ झोपेत.
मग ओ कोण देत होतं?
दिवसातून दोनदा अर्धा तास,
हातात पीठ नाही, तोंडात घास नाही,
खिडकीशी खुर्ची, आणि आतला कानोसा.
एवढा वेळ मला सदतीस वर्षांत कुणी दिला नव्हता,
मीसुद्धा.

पोलेन्त्सांना हे सांगितलं.
ते म्हणाले, मी चिमटा लावून फुटबॉल बघायचो.

डबी परत केली. खुर्ची तिथंच आहे.
काल संध्याकाळी पाव कापला. कडेचा तुकडा,
करकरीत, घरात नेहमी आईचा,
ताटात राहिला.
बाहेर अंधार झाला, नदीवरचे दिवे लागले,
तो तिथंच, मी इथं.

पुढं काय झालं ते तुला माहीत आहे.
मला विचारलं तर मी कानावर हात ठेवीन.